आठल्ये सरांचा ठावबाण

आमच्या हायस्कुलात फळ्याचा डावा कोपरा पोरांनी पुसायचा नाही, असा रिवाज होता. तो कोपरा मास्तरांचा. बहुतेक मास्तर तिथं 'श्री' काढून तासाला सुरुवात करत. इतिहासाचे भाटे मास्तर ओंकार काढत आणि वरचं टिंब देताना हमखास खडू मोडत. आठल्ये सर तिथं बाण काढत.

शेपटाशी टिंब, टिंबाला चिकटून 'ओ', आणि तिथून निघालेली सरळ रेघ. टोकाशी अक्षर नाही. आठवीच्या वर्गात हा बाण उजवीकडं निघायचा. मॅट्रिकच्या वर्गातला फळा उलट्या भिंतीवर होता, तिथं तोच बाण डावीकडं निघायचा. म्हणजे वर्ग कुठलाही असो, टोक डोंगरांकडं. हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ गेला, आणि आलं त्या दिवशी मला त्या कोपऱ्याकडं बघवेना.

बाण कुणाचा, हे साऱ्या पनवेलला ठाऊक होतं. सरांचा धाकटा भाऊ बापू स्वातंत्र्याच्या आधीच्या एका मे महिन्यात रोडपालीच्या मिठागरात भर दुपारी नाहीसा झाला होता. दोघे भाऊ सुट्टीत मीठ बघायला म्हणून गेलेले. ऊन लागलं म्हणून सर मिठागरातल्या खोपीत आडवे झाले, डोळा लागला, उठून बघतात तो बापू नाही. प्रेत मिळालं नाही. सर म्हणत, मिळेल कसं? बापू डोंगराकडं निघून गेलाय, आणि कुठंतरी आहे. तो कुठं आहे एवढंच त्यांना हवं होतं. बाकी लग्न, घर, बढती, काही नको होतं.

आधीच सांगून ठेवतो, मी बी.एस्सी. आहे. मिठागरात राबणाऱ्याचा मुलगा, आणि रोडपालीतला पहिला ग्रॅज्युएट. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जे पाहिलं तेवढं लिहितो.

सर उंच, किडकिडीत. काळी टोपी, आणि भर उन्हाळ्यातसुद्धा कोट. कोटाचा उजवा खिसा खडूनं कायमचा पांढरा झालेला. वडाळे तळ्याच्या बाजूला एका खोलीत राहत, खानावळीत जेवत. एकदा वह्या पोचवायला त्यांच्या खोलीवर गेलो होतो. खोली चौकोनी, पण खाट कुठल्याच भिंतीला धरून नव्हती. खोलीच्या मध्यात तिरकी टाकलेली. चहूबाजूंनी वळसा घालून जावं लागे. मी बघत राहिलो तेव्हा सर म्हणाले, "खाट सरळ आहे. खोली तिरकी बांधलीय."

त्यांचा एक प्रश्न गावभर प्रसिद्ध होता. कुणी काही 'तिकडं आहे', 'जवळ आहे', 'लांब आहे' म्हणालं की सर विचारत, "कुठून?"

एकदा एसटी स्टँडजवळ एका परगावच्या गृहस्थानं त्यांना अडवलं.

"अहो, पोस्ट कुठंय हो?"

"कुठून?"

"कुठून म्हणजे? इथून!"

"इथून म्हणजे तुमच्यापासून की माझ्यापासून?"

"आता आपण दोघं एकाच जागी उभे आहोत ना?"

"नाही," सर म्हणाले. "तसं असतं तर आपण धडकलो असतो."

टांगेवाले पोट धरून हसले. हुसेनचाचा टांगेवाला ओरडला, "मास्टरसाब, छोड दो बिचाऱ्याला, खत पुराना होऊन जाईल!" सर नाही हसले. त्यांनी त्या गृहस्थाला हाताला धरून पोस्टाच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. विनोद करायचा म्हणून ते विचारत नसत. त्या एका शब्दावाचून त्यांचं एकदा काय झालं होतं, ते मला फार नंतर कळलं.

आता पुस्तकात 'स्थान सदिश' म्हणतात. माझ्या वेळी कॉलेजात 'पोझिशन व्हेक्टर' म्हणत. सरांनी त्याला स्वतःचा शब्द केला होता, ठावबाण. ठाव म्हणजे ठिकाणा, एखाद्याचा ठाव लागणं, या अर्थानं. आम्ही खाडीकाठची पोरं मात्र तो शब्द दुसऱ्या अर्थानं ऐकत असू. खाडीत ठाव म्हणजे पाय टेकेल तो तळ. ठाव लागत नाही तिथं माणूस जातो.

हा भाग मॅट्रिकला नव्हताच. हेडमास्तर दारातून डोकावून म्हणत, "आठल्ये, परीक्षेचं शिकवा." सर मान हलवत आणि हेडमास्तर वळले की गणप्या कोळ्याला उठवत.

"तू दारात उभा राहा. तू ओ."

"ओ म्हंजे काय सर?"

"काही नाही. ज्याच्यापासून मोजायचं ठरवलं तो." मग आणखी दोघांना उठवून एकाला फळ्याशी, एकाला मागच्या बाकाशी. "हा ए, हा बी. ओपासून एपर्यंत बाण काढला की तो एचा ठावबाण. ओपासून बीपर्यंत काढला की बीचा. आता ए ला बीकडं जायचंय. कसा जाईल?"

"चालत, सर."

वर्ग हसला. सर थांबले. "तो आंधळा आहे. बी कुठंय त्याला दिसत नाही. त्याला फक्त ओ ठाऊक आहे आणि ओपासूनचे दोन बाण ठाऊक आहेत. मग?"

मी म्हणालो, "मग तो आधी उलटा ओकडं येईल, सर. तिथून बीकडं जाईल."

"शाबास. उलटा आला म्हणजे वजा ए. पुढं गेला म्हणजे अधिक बी. म्हणून एपासून बीकडं जाणारा बाण म्हणजे बी वजा ए. उलटं लिहू नका. ज्याच्याकडं जायचंय त्याचा ठावबाण आधी लिहायचा, आणि आपला वजा करायचा." इथं ते आवाज खाली आणत. "आपल्याला वजा केल्याशिवाय दुसऱ्याकडं जाता येत नाही."

मग ते गणप्याला दारातून खिडकीत हलवत. "ओ बदलला. ठावबाण?"

"सगळे बदलले, सर."

"आणि एपासून बीपर्यंतचा बाण?"

"तोच राहिला."

"तोच. ओ कुठंही न्या. ओ मेला तरी चालेल. दोघांच्या मधलं बदलत नाही."

गणप्या खिडकीतून कुरकुरला, "मी कशाला मरू, सर?" पुन्हा हशा. सर त्या रिकाम्या दाराकडं बघत होते, जिथून गणप्याला त्यांनी नुकतंच उठवलं होतं. घंटा होईपर्यंत बघत होते.

कॉलेजात गेल्यावर या बाणानं माझी लाज राखली. होस्टेलची पोरं माझ्या 'हाय-नाय'ची नक्कल करत. एके दिवशी प्रोफेसरांनी दोन बिंदू दिले आणि मधला व्हेक्टर विचारला. पुण्याकडची, दादरची हुशार पोरं 'ए वजा बी' म्हणून मोकळी झाली. मी उठलो आणि म्हणालो, ज्याच्याकडं जायचं तो आधी. प्रोफेसरांनी विचारलं, कुठं शिकलास? म्हटलं, पनवेलला. त्यानंतर माझ्या 'हाय-नाय'ला कुणी हसलं नाही. हसले असतील तर माघारी.

डिग्री घेऊन मी त्याच हायस्कुलात मास्तर म्हणून परत आलो. सर तसेच. कोट तसाच, बाण तसाच. फक्त लांब झाला होता. माझ्या वेळी वीतभर असायचा, आता फळ्याच्या मध्यापर्यंत येई. मास्तरांच्या खोलीत मी एकदा धीर करून विचारलं.

"सर, बाण वाढला?"

"लांब गेलाय तो," सर सहज म्हणाले, जसं कुणी भावाची बदली नागपूरला झाली म्हणून सांगावं. "मेलेल्या माणसाचा ठावबाण बदलत नाही. बदलतोय म्हणजे चालतोय."

भाटे मास्तर पान लावता लावता म्हणाले, "अहो आठल्ये, पण तुम्हाला लांबी कळते कशी? तो काय कार्ड टाकतो?"

"हात उचलला की कळतं. रेघ जिथं थांबायची तिथं थांबते."

भाट्यांनी माझ्याकडं बघून डोळा मारला. मला हसू आलं नाही. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "पण डोंगराकडंच गेले हे कशावरून, सर?"

"सांगितलं ना मला माणसानं. मी खोपीतून बाहेर आलो, टोपलीवाला एक जण समोरून जात होता. त्याला विचारलं, धाकटा कुठं गेला? तो म्हणाला, वर गेला. मी तसाच धावलो. गाव ओलांडून पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत."

मी हातातला कप खाली ठेवला.

हे आमच्या लोकांशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. शहरातला माणूस जमिनीचा उतार बघतो. त्याच्या लेखी डोंगर वर, खाडी खाली. मिठागरातला माणूस पाणी बघतो. भरतीचं पाणी खाडीकडून उघाडीतून आत येतं. उघाडी म्हणजे बांधातली पाणी घ्यायची दारं. तिथून पाणी वाफ्यावाफ्यानं पुढं सरकतं आणि गावाच्या अंगाला मीठ होतं. पाणी जिकडून येतं ते वर, जिकडं जातं ते खाली. मिठागरात वर म्हणजे खाडी.

मी ते सांगितलं. आज कुणी म्हणेल, कशाला सांगितलंस? मला पस्तावा नाही. आयुष्यभर 'कुठून' विचारणाऱ्या माणसाला चुकीच्या ओपासून चालत ठेवणं मला जमलं नसतं.

सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "कोण म्हणतं असं?"

"सगळेच म्हणतात, सर. माझे वडीलसुद्धा."

"वर म्हणजे खाडी."

"होय."

त्यांनी खिशातून खडू काढला, बघितला, परत ठेवला. "म्हणजे फक्त चिन्ह चुकलं," ते म्हणाले. भाटे मास्तरांचं पान हातातच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गांत बाण उलटा होता. टोक खाडीकडं. लांबी तेवढीच.

त्या संध्याकाळी मी घरी बाला विचारलं. बा म्हणजे माझे वडील. ते जेवत होते. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "मीच बोल्लो व्हतो त्यांना, वर गेला म्हून. मास्तर गावाकडं धावलं, मना वाटलं मानसं आनाला चालले. आमी सगली खाडीच्या अंगाला शोधाला गेलो. सांजचं मास्तर आलं, बोल्ले, मी वर सगळं बघितलं. मी बोल्लो, आमी पन वर सगलं बघलं. मंग दोघंबी गप."

म्हणजे दोघांनी शोधलं, दोन उलट दिशांना, आणि एकाच शब्दानं एकमेकांना सांगून टाकलं.

रविवारी सर आमच्या घरी आले. बाच्या समोर ओट्यावर बसले. मला वाटलं आता रागावतील, रडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तो जाताना काही बोलला?"

"बोल्ले नाय. पन उघाडीच्या दगडापाशी थांबलं व्हतं. मान वलवून बघीत व्हतं, कुनी हाक मारल्यावानी. मंग गेलं वर."

"कुणी मारली होती हाक?"

"भर दुपारच्याला मिठात कोन असतंय, मास्तर? मी आनि तुमी. तुमी तर निजलं व्हतं."

सर म्हणाले, "मला स्वप्न पडलं होतं. मी त्याला हाक मारतोय असं."

सर उठले, एकटेच उघाडीवर गेले आणि त्या दगडावर खडूनं 'ओ' काढून आले. भरतीचं पाणी दगडाच्या निम्म्याला लागतं, 'ओ' वरच्या अंगाला. मी पुढं अनेकदा बघितला. पावसानं पुसला की सर येऊन परत काढत.

आणि बाण आखूड व्हायला लागला.

पहिल्यांदा पोरांनी ओळखलं. नववीचा एक जण मला म्हणाला, "सर, आठल्ये सरांचा बाण कमी होतोय." दिवाळीपर्यंत तो फळ्याच्या मध्यापासून सरकून वीतभर झाला, संक्रांतीला बोटभर. सर खुशीत दिसू लागले. कधी नव्हे ते भाट्यांच्या डब्यातली चकली खाल्ली. "कुठून आणली?" असं त्यांनी विचारलं आणि भाटे दचकले, पण या वेळी सरांना खरोखर दुकानाचं नाव हवं होतं.

त्याच दिवसांत फळ्यामागच्या भिंतीला लोणा, ओलीनं फुटणारा पांढरा खार, आला. जुन्या भिंतींना येतो, नवल नाही. पण लोणा खालून, जमिनीकडून चढतो. हा फळ्याच्या डाव्या कोपऱ्यामागून, वरूनच फुटला होता. शिपायानं खरवडला, गिलावा केला, आठवड्यात पुन्हा पांढरा. हेडमास्तर म्हणाले, कौलांतून गळत असेल. तेव्हा पाऊस नव्हता. मी एकटा असताना तिथं बोट लावून जिभेला लावलं. मी मिठागरातला माणूस. मला ती चव सांगायला कुणी नको.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभा होतो. बाण नखाएवढा उरला होता. एका पोरानं विचारलं, "सर, अजून कमी झाला तर?"

"तर शून्य बाण. टिंब. त्याला लांबी नाही, म्हणून दिशाही नाही. त्याला कुणीकडं चाललास म्हणून विचारता येत नाही. तो पोचलेला असतो."

"मग त्याचं काय करायचं, सर?"

"काही नाही. त्याच्यापाशी जाऊन उभं राहायचं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सावली हासुद्धा बाणच. पायापासून निघालेला. मे महिन्यात आपल्याकडं सूर्य एक दिवस नेमका डोक्यावर येतो. त्या दिवशी तीही शून्य. बापू गेला तेव्हा मिठात सावली नव्हती."

सूर्य डोक्यावर यायचा त्या दिवशी सर रोडपालीला आले. चालत, कोटात. आमच्या ओट्यावर लोटाभर पाणी प्यायले. मी म्हटलं, सर, ऊन उतरू दे. म्हणाले, "उतरलं की सावली पडेल."

आम्ही दोघे, मी आणि बा, त्यांच्याबरोबर निघालो. बांधापाशी त्यांनी आम्हाला थांबवलं. "इथून पुढं मला ठाऊक आहे," म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोटाच्या खिशातला खडू काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं, उन्हात वितळेल म्हणून देताहेत, आणि मग वाटलं, खडू कुठं वितळतो?

शेवटी काय झालं ते आधी सांगतो. सर खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीआड गेले ते परत आले नाहीत. आम्ही धावलो. नंतर सारं गाव आलं, पनवेलहून भाटे मास्तर आले, गणप्या कोळी आपली होडी घेऊन आला. या वेळी शब्दाचा घोटाळा नव्हता. वरही शोधलं, खालीही शोधलं, आणि कुठल्या वरला वर म्हणायचं ते आधी ठरवून शोधलं. भरती दगडाच्या निम्म्याला लागून उतरली होती. दगडाचा वरचा भाग कोरडा होता, आदल्या आठवड्यात पाऊस नव्हता, पण त्याच्यावरचा 'ओ' नव्हता. कुणीतरी हातानं नीट पुसला होता. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा फळ्यामागचा लोणा गेलेला होता. तो कोपरा मी कधी वापरला नाही. खडू माझ्याकडं आहे.

पण सर मला शेवटचे दिसले ते असे.

मी बांधाच्या पायथ्याशी, वाफ्याच्या कडेला उभा होतो. बा बांधाच्या माथ्यावर होते. समोर मिठाचा पांढरा उजेड, डोळे उघडे ठेवता येत नव्हते. सर उघाडीच्या दगडापर्यंत पोचले, थांबले. मान वळवली. मग चालू लागले.

"मास्तरासंगती त्यो दुसरा कोन रं?" बा म्हणाले.

मी कपाळावर हात धरून नीट बघितलं. "कोन नाय. एकलेच हायेत."

बानं माझ्याकडं बघितलं. "तू कुठून बघतंस? हितं ये. हितून बघ."

बांध माझ्या छातीएवढा होता. हात टेकले असते तर एका उडीत चढलो असतो. मी टेकले नाहीत. मी जिथं होतो तिथूनच बघत राहिलो. माझ्या जागेवरून सर एकटे होते. पायाखाली सावली नव्हती. उजवा हात त्यांनी अंगापासून थोडा लांब धरला होता, लहान पोराला गर्दीतून नेताना धरतात तसा, बोटं अर्धी मिटलेली. घाई नव्हती. सर चालले होते, वर.